महाभारत-पुराणांतून इतिहास कसा वेचावा: एका श्लोकापासून शिलालेखापर्यंत

‘महाभारत खरंच घडलं का?’ हा प्रश्न घेऊन बसलेला माणूस वर्षभराने तिथेच बसलेला सापडतो. कारण महाभारत किंवा पुराण हा एका हाताने, एका काळात लिहिलेला ग्रंथ नाही. आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात उपाख्याने वगळून भारतसंहिता २४ हजार श्लोकांची असल्याचे म्हटले आहे. मध्य प्रदेशातल्या खोह येथील गुप्त संवत् २१४ च्या, म्हणजे इ.स. ५३३-३४ च्या ताम्रपटात मात्र ती ‘शतसाहस्री संहिता’ झालेली दिसते. एवढी भर पडलेल्या साठ्यात शेजारशेजारच्या दोन श्लोकांमध्ये काही शतकांचे अंतर असू शकते. म्हणून तपासायचा असतो तो श्लोक, अख्खा ग्रंथ नव्हे. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रश्न लहान करा

‘राम कधी झाला?’ हा हाताळता येण्याजोगा प्रश्न नाही. त्याऐवजी असे प्रश्न घ्या: मत्स्यपुराणातली आंध्र राजांची यादी शिलालेखांशी किती जुळते? गंगेच्या पुरामुळे हस्तिनापूर सोडल्याचा श्लोक आहे, त्याला जमिनीत काही आधार मिळतो का? समुद्राने परशुरामाला जमीन दिली ही कथा निदान किती जुनी आहे? या तिन्ही प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि ती शोधताना काम कसे करायचे तेही कळते.

पाठ नक्की केल्याशिवाय पुढे जाऊ नका

पाठ म्हणजे श्लोकाचे नेमके शब्द. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. दूरदर्शन मालिका, कीर्तन, लहानपणी वाचलेली गोष्टीची पुस्तके यांतले प्रसंग आपण ‘महाभारतात आहे’ म्हणून सांगतो. मयसभेत घसरलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणते, हे वाक्य चिकित्सित आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या संहितेत, नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथाही मुख्य संहितेत नाही. स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे उद्गारही तिथे वगळलेले आहेत. अशा वाक्यांवर समाजस्थितीचा किंवा जातिव्यवस्थेचा निष्कर्ष उभा केला, तर तो महाभारतकाळाचा न राहता पुढच्या कुठल्यातरी शतकाचा निघतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले. १९२५ पासून वि. सी. सुखठणकर यांनी त्याला शिस्तशीर रूप दिले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते वापरली गेली. वाल्मीकी रामायणाची अशीच आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने केली. आपल्याकडे घरोघरी जी संहिता पोहोचली, ती बहुधा नीलकंठ चतुर्धर यांच्या टीकेसह छापलेली. नीलकंठ मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीत बसून त्यांनी टीका लिहिली. टीका उत्तम आहे, पण तिच्यासोबतची संहिता म्हणजे सतराव्या शतकापर्यंत जमलेले सगळे, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

चिकित्सित आवृत्तीचे पान वाचायची सवय करावी लागते. वर मोठ्या अक्षरांत स्वीकारलेली संहिता असते. एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ दिसली, तर तो पाठ संपादकांनाही अनिश्चित वाटला आहे असे समजावे. खाली बारीक अक्षरांत पाठभेद असतात आणि पोथ्यांची संक्षिप्त नावे लिपीनुसार दिलेली असतात: शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम. वगळलेले छोटे उतारे तारांकित क्रमांकाने तिथेच दिलेले असतात, लांबलचक उतारे परिशिष्टात जातात. कामाचा ठोकताळा असा: काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मलयाळम पोथी एकच पाठ देत असतील, तर तो जुना धरावा. देशाच्या दोन टोकांना एकमेकांपासून दूर वाढलेल्या परंपरा सहसा एकच भर घालत नाहीत. संगणकावर शब्द शोधायला विनामूल्य संहिता मिळते, ती जरूर वापरा. मात्र निष्कर्ष लिहिण्याआधी छापील खंडातले पाठभेद डोळ्यांखालून घालाच.

पुराणांच्या बाबतीत इतकी सोय नाही. मत्स्य आणि वायू यांसाठी पुण्याच्या आनंदाश्रमाच्या आवृत्त्या बऱ्या, कारण त्यांत तळटीपेत पोथ्यांचे पाठभेद आहेत. कलियुगातल्या राजवंशांपुरते बोलायचे, तर इंग्रज अभ्यासक पार्जिटर यांनी १९१३ मध्ये मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू, भागवत वगैरेंचे श्लोक समोरासमोर मांडून ठेवले आहेत. वंशावळीचे काम तिथूनच सुरू करावे.

श्लोकाचा काळ त्याच्याच पोटातून काढा

सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात (२.२८.४९) एक ओळ आहे: ‘अन्ताखीं चैव रोमां च यवनानां पुरं तथा’. पुष्कळ पोथ्यांत तिच्या जागी ‘आटवीं च पुरीं रम्यां’ असे सापडते. काय झाले असेल ते उघड आहे. परदेशी नाव नकलकाराला कळेना, म्हणून त्याने ओळखीचा शब्द बसवला. कळत नसलेले नाव नंतर कोणी मुद्दाम घुसवत नाही, म्हणून असा अवघड पाठच मूळच्या जवळचा मानतात. सभापर्वाचे संपादक एजर्टन यांनी ‘अन्ताखी’ म्हणजे सिरियातले अँटिओक आणि ‘रोमा’ म्हणजे रोम, असे सुचवले. अँटिओक वसले इ.स.पूर्व ३०० मध्ये. ही ओळख मान्य केली, तर हा श्लोक त्याआधीचा असू शकत नाही.

इथे थांबायला शिकणे फार महत्त्वाचे आहे. यावरून पांडवांनी रोम जिंकले असे निघत नाही, आणि महाभारत इ.स.पूर्व ३०० नंतर रचले असेही निघत नाही. निघते ते एवढेच, की दिग्विजयाच्या या यादीवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला भूमध्य समुद्राकाठची शहरे ऐकून माहीत होती. शक, पहलव, हूण ही नावेही अशाच खुणा आहेत. दुसऱ्या बाजूची, म्हणजे ‘याच्या आधीच असले पाहिजे’ अशी खूण बाहेरून घ्यावी. वैयाकरण पाणिनी अँटिओक वसण्याआधीचा मानला जातो; त्याचे ‘वासुदेवार्जुनाभ्यां वुन्’ (४.३.९८) हे सूत्र वासुदेव व अर्जुन यांना मानणारे लोक तेव्हा होते हे सांगते. आख्यानाचा गाभा दिग्विजयाच्या यादीपेक्षा जुना असल्याचे त्यावरून दिसते.

पुराणांत काळ ओळखायची किल्ली व्याकरणात आहे. राजवंश भविष्यकाळात सांगितलेले असतात: ‘भविष्यति’, ‘भोक्ष्यन्ति’. भाकीत नेमके असते तोवर लिहिणाऱ्याच्या मागे घडून गेलेला इतिहास आहे, आणि ते धूसर झाले की तो स्वतःच्या काळात पोहोचला आहे. वायुपुराणात गुप्तवंशज गंगेकाठचा प्रदेश, प्रयाग, साकेत आणि मगध भोगतील असे म्हटले आहे. समुद्रगुप्ताच्या दक्षिणेपर्यंतच्या मोहिमांचा त्यात मागमूस नाही. म्हणजे ही यादी चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात कधीतरी बंद झाली.

बाहेरचा साक्षीदार: सातवाहनांचे उदाहरण

पुराणातली यादी दगडावरच्या अक्षरांशी ताडून पाहायला महाराष्ट्राइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. म्हणून हे उदाहरण सावकाश पाहू.

पुराणे या राजांना ‘आंध्र’ म्हणतात, शिलालेखांत ते ‘सातवाहन’ आहेत. पहिल्या राजाचे नाव मत्स्यात शिशुक, वायूत सिंधुक, विष्णूत शिप्रक. तीन पुराणे, तीन नावे. नाणेघाटातल्या लेण्यात भग्न पुतळ्यांच्या डोक्यावर नावे कोरलेली आहेत, त्यांतले एक ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’. प्राकृत ‘सिमुक’ संस्कृतात उतरवताना प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने ओढले, हे इथे डोळ्यांनी दिसते. यादीतला दुसरा राजा कृष्ण. नाशिकच्या एका लेण्यातला लेख सांगतो की सादवाहनकुलातला कन्ह राजा असताना नाशिकच्या श्रमण-महामात्राने हे लेणे करवले. नाव जुळले, क्रम जुळला.

आता वर्षे ताडून पाहू. मत्स्यपुराण गौतमीपुत्र सातकर्णीला २१ वर्षे राज्य देते, तर नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात त्याचा २४ व्या राज्यवर्षाचा लेख आहे. पुराण इथे निदान तीन वर्षांनी चुकले. पुलोमा म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावी याला पुराण २८ वर्षे देते, कार्ल्याच्या लेखात त्याचे २४ वे वर्ष आहे. म्हणजे विरोध नाही. यज्ञश्रीला २९ वर्षे, आणि त्याचा २७ व्या वर्षाचा लेख आंध्रातल्या चिन्नगंजाम इथे सापडला. हेही बसते. शिलालेखातले वर्ष ही राज्यकाळाची खालची मर्यादा असते, वरची नव्हे, हे विसरल्यामुळे पुष्कळ जण ‘जुळत नाही’ असा घाईचा शेरा मारतात.

एकेक आकडा बरा निघाला म्हणून बेरीजही बरी असेल असे नाही. पुराणांनुसार मौर्य १३७ वर्षे, शुंग ११२, काण्व ४५, आणि मग सिमुक. चंद्रगुप्त मौर्य इ.स.पूर्व ३२१ च्या सुमारास गादीवर आला असे धरले, तर सिमुक येतो इ.स.पूर्व २७ ला. त्यापुढे मत्स्याने दिलेली आंध्रांची ४६० वर्षे मिळवली की आपण इ.स. ४३० च्या पुढे जातो. तिथे तर गुप्तांचे साम्राज्य ऐन भरात आहे! वायू एकूण ४११ वर्षे सांगतो, तरीही गाठ सुटत नाही. कारण असे की एकाच काळी वेगवेगळ्या प्रदेशांत राज्य करणारी घराणी पुराणे एकापाठोपाठ मांडतात. बेरीज करण्यापूर्वी हे घराणे कुठे राज्य करत होते, आधीच्या घराण्याशी त्याचा काळ एकमेकांवर चढतो का, हे पाहिलेच पाहिजे.

मौनाचीही नोंद घ्या. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे शक क्षत्रप नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केला ही त्या काळातली केवढी मोठी घटना. त्याची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, १९ व्या राज्यवर्षी कोरवलेल्या नाशिकच्या लेखात तो ‘खखरातवसनिरवसेसकर’, म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. पुराणात या सगळ्याबद्दल काय आहे? एक नाव आणि २१ हा आकडा. उलट वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याच्या साठ्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावे नाण्यांवर आली, ती पुराणांच्या यादीत नाहीतच. यादीत नाव नाही म्हणून राजा झालाच नाही, असे म्हणता येत नाही.

बलश्रीच्या लेखातली आणखी एक गोष्ट महाभारताच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी. मुलाचा पराक्रम सांगताना ती राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांची तुलना देते. पुढे नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, अंबरीष ही नावे येतात. दुसऱ्या शतकात गोदावरीकाठी ही नावे सांगताच लोकांना अर्थ कळत होता. आख्याने कुठवर पोहोचली होती, याचा हा तारीखवार पुरावा आहे.

मूळ लेख पाहायचे असतील तर नाशिकचे लेख ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात आहेत. वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांचे लेख मराठीतही दिले आहेत. कुणाच्या लेखातले उद्धृत वाक्य न घेता ही पाने उघडावीत.

जमिनीतला पुरावा किती बोलतो

पुराणांत हस्तिनापूरचा श्लोक आहे: गंगेने नगर वाहून नेल्यावर राजा ते सोडून कौशांबीला राहील. राजाचे नाव कुठे निचक्षु, कुठे विवक्षु, भागवतात नेमिचक्र. पुरातत्त्वज्ञ ब. ब. लाल यांनी १९५०-५२ मध्ये मेरठजवळच्या हस्तिनापूरला उत्खनन केले. राखाडी रंगाच्या चित्रित मृद्भांड्यांची वस्ती एका पुराने संपल्याचे त्यांना थरांत दिसले, आणि ती घटना त्यांनी इ.स.पूर्व ८०० च्या सुमाराची ठरवली.

जागा आणि कारण दोन्ही जुळतात, म्हणून हा श्लोक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण नोंद लिहिताना शब्द मोजून वापरावेत. ‘पुराणातल्या पुराच्या आठवणीला उत्खननात जुळणारा थर आहे’ हे लिहिता येते. ‘महाभारत युद्ध सिद्ध झाले’ हे लिहिता येत नाही. त्या थरात कुडाच्या आणि मातीच्या भिंती आहेत, रत्नजडित सभा नाही. तीच भांडी गंगा-यमुनेच्या आणि सतलजच्या प्रदेशात पुष्कळ ठिकाणी मिळतात, त्यामुळे भांडे सापडले म्हणजे पांडव सापडले असे होत नाही. भांड्यावर कुळाचे नाव नसते.

आकडे आणि ग्रहस्थिती: इथे पाय घसरतो

परीक्षिताच्या जन्मापासून नंदाच्या राज्याभिषेकापर्यंत किती वर्षे? विष्णुपुराणात हजारावर ‘पञ्चदशोत्तरम्’, म्हणजे १०१५. मत्स्यात ‘पञ्चाशदुत्तरम्’, १०५०. काही पोथ्यांत ‘पञ्चशतोत्तरम्’, १५००. भागवतात १११५. पहिले तीन शब्द हळू वाचून अक्षरे मोजा. तिन्ही सहा-सहा अक्षरांचे आहेत. एरवी नकलकाराची चूक वृत्त बिघडल्यामुळे पकडता येते. इथे ४८५ वर्षांचा फरक पडूनही अनुष्टुभ हे वृत्त शाबूत राहते. शिवाय विष्णुपुराणाच्याच घराणेवार बेरजा घेतल्या तर बार्हद्रथ १०००, प्रद्योत १३८, शिशुनाग ३६२, एकूण १५००. तेच पुराण थोडे पुढे १०१५ सांगते. त्यात प्रद्योत हे अवंतीचे, बिंबिसाराच्या काळातले घराणे, मगधाच्या यादीत मधेच घातलेले.

परंपरेत युद्धाची तारीखही एक नाही. चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे लेखात शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५ ला भारतयुद्धाला ३,७३५ वर्षे झाली असे कवी रविकीर्ती लिहितो. म्हणजे युद्ध इ.स.पूर्व ३१०० च्या आसपास. वराहमिहिर युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी २,५२६ वर्षे देतो, तो इ.स.पूर्व २४४८ येतो. पुराणांतला १०५० चा आकडा घेतला तर इ.स.पूर्व १४०० च्या आसपास. ऐहोळेचा लेख सातव्या शतकातला विद्वान काय मानत होता याचा पक्का पुरावा आहे. युद्धाच्या तारखेचा तो साक्षीदार नाही, कारण घटनेला त्याच्याच हिशेबाने पावणेचार हजार वर्षे होऊन गेली होती.

ग्रहस्थिती संगणकात भरून दिवस काढण्याचा मोह आवरावा. भीष्मपर्वात एके ठिकाणी शनी रोहिणीला पीडा देतो, तर दुसऱ्या ठिकाणी शनी आणि गुरू विशाखांच्या जवळ आहेत. रोहिणी चौथे नक्षत्र, विशाखा सोळावे. शनीला पूर्ण फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे रोहिणीतून विशाखात जायला दशकाहून जास्त काळ जातो. दोन्ही विधाने एकाच महिन्याची असू शकत नाहीत. हे अपशकुनांचे वर्णन आहे, वेधशाळेची नोंद नव्हे. कोणताही संशोधक यांतली काही विधाने निवडतो आणि काही सोडतो, म्हणून प्रत्येकाची तारीख वेगळी येते. असा निष्कर्ष वाचताना पहिला प्रश्न विचारा: कोणती विधाने सोडली, आणि कोणत्या नियमाने?

स्थळकथा: शूर्पारक ते गोवा

परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवले, ही कथा आज रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत आणि पुढे केरळपर्यंत सांगितली जाते. तिचा जुना थर शांतिपर्वात आहे: सागराने जामदग्न्यासाठी, म्हणजे परशुरामासाठी, अपरान्तात (पश्चिम किनाऱ्यावर) शूर्पारक देश निर्माण केला. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, जिथे अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात ‘शोर्पारगे च रामतीर्थे’ असा उल्लेख आहे. तिथल्या चरक ब्राह्मणांच्या परिषदेला त्याने नाणंगोल गावातली ३२ हजार नारळाची झाडे दान दिली. म्हणजे दुसऱ्या शतकात सोपाऱ्याला रामतीर्थ होते, त्याला राजघराण्याचा आश्रय होता आणि किनाऱ्यावर नारळाची मोठी लागवड होती. हा झाला इतिहास. पुढे स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात ही कथा साऱ्या कोकणपट्टीची झाली आणि ब्राह्मण वसाहतींची हकिकत तिला जोडली गेली. त्या थरातून कोणाला कुठल्या जमिनीवर हक्क सांगायचा होता हे शोधावे. समुद्राची पातळी किती फूट उतरली हे त्यातून काढायला जाऊ नये.

गावोगावची नावे फसवतात. नाशिकच्या ज्या लेण्यांत वरचे लेख आहेत त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, आणि ती आहेत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. ‘इथे पांडव राहिले होते’ ही आठवण लेणी ओस पडून त्यांचे कर्ते विसरले गेल्यानंतरची. अशा नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कधीचा, एवढेच विचारावे.

वही कशी ठेवावी

प्रत्येक श्लोकासाठी एक पान, पानावर सहा रकाने: संदर्भ (आवृत्तीसह), पाठ आणि महत्त्वाचे पाठभेद, श्लोकाचा प्रकार (वंशावळ, दिग्विजय, तीर्थयात्रा, उपाख्यान, शकुन), काळाची आतली खूण, बाहेरचा पुरावा, आणि शेवटी श्रेणी. श्रेण्या तीन पुरतात. स्वतंत्र पुराव्याने पक्के झालेले ‘अ’: नाशिकच्या लेखातला कन्ह राजा. जुळते पण सिद्ध नाही ते ‘आ’: हस्तिनापूरचा पूर. परंपरेची समजूत म्हणून नोंदवायचे ते ‘इ’: ऐहोळेची ३,७३५ वर्षे.

बाहेरचा पुरावा स्वतंत्र आहे ना, हे दोनदा तपासा. माहूर, पैठण, नाशिक यांची माहात्म्ये एकमेकांना दुजोरा देतात, पण बऱ्याचदा ती एकाच जुन्या उताऱ्यावरून उतरवलेली असतात. मग साक्षीदार तीन दिसले तरी साक्ष एकच. सलग चार-पाच श्लोक शब्दशः सारखे आढळले, तर तीन पानांवर तीन नोंदी न करता एकच करावी. श्रेणी पेन्सिलने लिहावी. नवा साठा किंवा नवा लेख सापडला की तीच आधी बदलावी लागते.